नियम आधी, संकट नंतर : विज्ञानकथेत उत्कंठा कशी बांधायची

१९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या डिश मंगळाकडे वळलेल्या होत्या. युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापरेली हे यान मंगळाच्या वातावरणात शिरत होतं आणि त्याचा क्षीण रेडिओ संदेश खोडदला टिपला जात होता. पडद्यावर यानाचं चित्र नव्हतं, आवाज नव्हता. होती ती एक बारीक रेघ. रेघ आहे म्हणजे यान बोलतंय. वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत जेमतेम सहा मिनिटं लागणार होती. टेकायची वेळ तोंडावर आली असताना ती रेघ गेली.

आता यातली खरी गोम बघा. त्या दिवशी मंगळावरून निघालेली रेडिओ लहर पृथ्वीवर पोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. उतरणं मात्र सहा मिनिटांचं. म्हणजे यान वातावरणात शिरल्याची रेघ खोडदच्या पडद्यावर उमटली, तोवर तिकडे यान आदळूनही गेलं होतं. लोक श्वास रोखून बघत होते ते सगळं आधीच घडून गेलेलं होतं.

गोळीबार नाही, स्फोट नाही, परग्रहवासी तर नाहीच नाही. तरी जीव टांगणीला लागतो. का? कारण ती रेघ कशाची, ती किती वेळ दिसायला हवी आणि त्या वेळात यानाने काय काय उरकायला हवं, हे बघणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला रेघ दिसली काय नि गेली काय, सारखंच.

नवं लिहिणारे बहुतेक जण याच्या उलट जातात. यंत्र लपवून ठेवतात आणि शेवटी एखादं शास्त्रज्ञ पात्र आणून सगळं समजावून सांगतात. माझ्या पहिल्या विज्ञान एकांकिकेत मी हेच केलं होतं. ऐन कळसाला यंत्रमानव कशाने बंद पडतो ते दीड पानाच्या संवादात सांगितलं. विंगेत उभं राहून बघताना कळत होतं, प्रेक्षक हातातून सुटत चाललेत. तीच माहिती पहिल्या प्रवेशात चार वाक्यांत देता आली असती, आणि मग कळसाला कुणी तोंड उघडायचीही गरज पडली नसती.

कथा असो, पटकथा असो, एकांकिका असो की श्राव्य मालिका, पुढची पद्धत सगळीकडे चालते. समजायला सोपं जावं म्हणून एकच नमुन्याची गोष्ट घेऊ आणि ती पायरी पायरीने बांधू. गोष्ट कल्पित, जागा मात्र खोडदसारखीच: तीस डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. भोवती ऊस, द्राक्षं, टोमॅटो.

भविष्यकाळ. मंगळावर चौघांची तुकडी अडकली आहे. त्यांचा मोठा प्रक्षेपक बंद पडलाय, लहानशाच्या जोरावर येणारा संदेश फक्त या दुर्बिणीला ऐकू येतो. रात्रपाळीला रेवती नावाची तरुण अभियंता आहे आणि वीस वर्षं डिशवर चढलेले मेकॅनिक बबनकाका. मोहिमेचा ठेका घेतलेल्या कंपनीला तो संदेश पोचायला नकोय, कारण त्यात अपघाताचं कारण आहे. पश्चिमेकडून वळवाचं वादळ येतंय.

पायरी १ : एक नियम निवडा, त्याला मर्यादा घाला

अभिमन्यूची गोष्ट आठवा. चक्रव्यूहात शिरायचं कसं हे त्याला येतं, बाहेर पडायचं कसं हे येत नाही. हे आपल्याला युद्धाच्या कितीतरी आधी, तो आईच्या पोटात असतानाच कळलेलं असतं. म्हणून तो व्यूहाच्या तोंडाशी रथ घालतो तेव्हाच पोटात खड्डा पडतो. एक विद्या आणि तिची एक उणीव, त्यावर अख्खं आख्यान उभं.

तुमच्या गोष्टीतल्या यंत्राला असाच एक नियम द्या. एका ओळीत सांगता आला पाहिजे, आणि त्यात 'पण' हवा. आमच्या गोष्टीतला असा: वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की डिश आकाशाकडे तोंड करून उभी करावी लागते, नाहीतर ती मोडते, पण मंगळ पश्चिमेला खाली आलाय, डिश सरळ केली की संदेश गेला. डिश फिरून सरळ व्हायला चार मिनिटं लागतात.

एवढ्यावर गोष्ट चालू शकते. ऐकायचं तर डिश धोक्यात, डिश वाचवायची तर माणसं. दुसरा, तिसरा, चौथा नियम सुचत असेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पाच नियमांच्या जगात वाचक हिशेब ठेवता ठेवता दमतो, आणि दमलेल्या वाचकाला धाकधूक होत नाही.

नियमाचा आकडा ठरवाच. 'थोडा वेळ' नको, 'चार मिनिटं' हवं. तो आकडा पुढे आपणच मोडायचा नाही. कळसाला तीच डिश दोन मिनिटांत सरळ झाली, की त्यानंतरचं काहीच वाचकाला खरं वाटत नाही.

पायरी २ : तो नियम शांत वेळी वाचकाच्या हाती ठेवा

२० जुलै १९६९. अपोलो ११ चं चांद्रयान उतरायला लागलंय आणि संगणकावर १२०२ असा धोक्याचा इशारा येतो. यानातल्या दोघांना त्याचा अर्थ ठाऊक नाही. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने काही सेकंदांत सांगायचंय, पुढे जायचं की परत फिरायचं. त्याच्या मदतीला मागच्या खोलीत जॅक गार्मन बसलेला, वय २४. त्याच्यापुढे हाताने लिहिलेली एक यादी आहे, कोणता इशारा आला तर काय करायचं याची. गार्मन सांगतो, पुन्हा पुन्हा येत नसेल तर हरकत नाही. यान पुढे जातं.

ती यादी आली कुठून? काही दिवस आधीच्या सरावात असाच एक इशारा आला होता आणि बेल्सने उतरणं रद्द करायला सांगितलं होतं. नंतर कळलं, रद्द करायची गरज नव्हती. मग प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करायचा हुकूम सुटला, आणि त्यातून ती यादी झाली.

लेखक म्हणून मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आधी सराव, त्यात चूक, चुकीतून कागद. कागद टेबलावर राहतो, आपण त्याला विसरतो. मग खरा प्रसंग. तुम्ही कागद नुसता कळसाला खिशातून काढलात तर तो जादूचा दिवा होतो. आधी चुकीच्या पोटी जन्माला घातलात तर तोच कागद पात्राची कमाई होतो.

आमच्या गोष्टीत म्हणून पहिल्या प्रसंगात, स्वच्छ दुपारी, बबनकाका एका शाळेच्या सहलीला दुर्बीण दाखवतायत. एक मुलगा विचारतो, वारा आला की काय करता? काका सांगतात, तोंड वर करून ठेवतो, छत्री उलटी होऊ नये म्हणून. दुसरी मुलगी फोटो काढायला मोबाइल काढते, तर काका तो हळूच बंद करायला लावतात. "बाळ, तुझ्या फोनचा आवाज आमच्या दुर्बिणीला तोफेसारखा ऐकू येतो." मुलं हसतात, वाचकही हसतो. हसता हसता मुख्य नियम आणि त्याच्या मदतीचा एक छोटा, असे दोन नियम त्याच्या खिशात गेलेले असतात.

रेडिओ दुर्बिणीच्या आसपास मोबाइल नको असतात हे खरंच आहे, आकाशातल्या लहरींपुढे फोनची लहर प्रचंड असते. खऱ्या जागेचे असे खरे नियम शोधा. डोक्यातून काढलेल्या नियमांपेक्षा ते जास्त टिकतात, आणि त्यांच्यामागचं कारण तुम्हाला मुद्दाम रचावं लागत नाही.

पायरी ३ : कुणाला काय ठाऊक, याचा तक्ता करा

लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो, आणि तुम्हीही घालवा असं सांगेन. रहस्य आणि उत्कंठा यांत इथेच फरक पडतो. रहस्यात वाचकाला पात्रापेक्षा कमी ठाऊक असतं, तो मागून चालत असतो. उत्कंठेत त्याला निदान पात्राइतकं तरी ठाऊक असतं, पुष्कळदा चार पावलं जास्त. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला लक्ष्मण वाचणार हे माहीत असतं, तरी हनुमान पर्वत उचलतो तिथे कुणी उठून जात नाही. तेव्हा माहिती देऊन टाकली तर गोष्टीत राहिलं काय, ही भीती सोडा.

कागदावर चार रकाने आखा: वाचक, रेवती, बबनकाका, कंपनीची माणसं. प्रत्येक प्रसंगापुढे त्या क्षणी कुणाला काय ठाऊक आहे ते लिहा. चारही रकान्यांत तेच लिहावं लागलं तर त्या प्रसंगात ताण नाही, मग तिथे कितीही धावाधाव असो. एका रकान्यात काहीतरी वेगळं पडलं की प्रसंग जागा होतो.

विज्ञानकथेकडे यासाठी एक हत्यार आहे जे दुसऱ्या कुठल्या गोष्टीकडे नाही: प्रकाशाचा वेग. पृथ्वी ते मंगळ संदेश जायला ग्रहांच्या जागेप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. आमच्या गोष्टीत चौदा धरू. रेवतीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अठ्ठावीस मिनिटांनी येणार. त्या अठ्ठावीस मिनिटांत तिकडे काहीही होऊ शकतं, इकडेही. "आमच्याकडे सगळे ठीक" असा मंगळावरून आलेला आवाज चौदा मिनिटं शिळा असतो. वाचकाला हे एकदा मनापासून पटलं, की पुढे प्रत्येक साध्या वाक्यामागे त्याला काळोख दिसतो.

आता जवळून एक उतारा दाखवतो. पहिला खर्डा असा होता:

'रेवतीच्या अंगावर काटा आला. काहीतरी भयंकर घडणार आहे असं तिला राहून राहून वाटत होतं. बाहेरचा अंधार जणू तिच्याकडे बघत होता.'

यात वाचकाला धरायला काहीच नाही. काटा तिच्या अंगावर आला, आपल्या का यावा? तोच प्रसंग नियमाच्या आधाराने:

'आसपासचा गोंगाट दाखवणाऱ्या लहान पडद्यावर, मोबाइलच्या पट्ट्यात, एक रेघ उभी राहिली. रेवतीने वहीत वेळ लिहिली, दोन वाजून अकरा. तिचा फोन फाटकावरच्या कपाटात होता. काकांचाही. रेघ गेली. चहाचा कप उचलला तेवढ्यात पुन्हा आली, या खेपेला जास्त उंच. तिने कप न पिताच खाली ठेवला आणि उठून दाराची कडी लावली.'

कुणी भ्यायल्याचं एका शब्दाने म्हटलेलं नाही. सहलीतल्या मुलीचा फोन वाचकाला आठवतो आणि आवारात कुणीतरी शिरलंय हे तो स्वतः ओळखतो. रेघ उंच होतेय म्हणजे माणूस जवळ येतोय, हेही. वाचकाने स्वतः काढलेला निष्कर्ष आपण सांगितलेल्या निष्कर्षापेक्षा कितीतरी पटीने झोंबतो. आता तक्ता बघा: रेवतीला ठाऊक आहे, आत शिरलेल्यांना ठाऊक नाही की आपण दिसतोय. आणि बबनकाका या वेळी बाहेर, वायव्य हातावरच्या डिशपाशी एकटे आहेत, त्यांनाही ठाऊक नाही.

पायरी ४ : घड्याळ लावा, पण तास-मिनिटांचं नको

संजीवनी सूर्योदयाआधी आणायची होती. घड्याळ म्हणजे हेच. लाल आकडे उलटे मोजणारा डबा इतक्या ठिकाणी येऊन गेलाय की त्याने आता काही होत नाही. त्याऐवजी संपत जाणारी वस्तू घ्या: इंधन, प्राणवायू, बॅटरी, उजेड, आवाज.

पुन्हा अपोलो ११. उतरायच्या जागी मोठाले दगड दिसले, म्हणून आर्मस्ट्राँग यान पुढे नेत राहिला. ह्यूस्टनहून "साठ सेकंद" असं सांगितलं गेलं. उतरायचं की सोडून द्यायचं हे ठरवायला साठ सेकंद उरले, एवढाच अर्थ. मग ह्यूस्टन गप्प, यानातून आर्मस्ट्राँगचा सोबती ऑल्ड्रिन तेवढा उंचीचे आकडे सांगत होता. मग "तीस सेकंद". ह्यूस्टनच्या दोन हाका, मधे त्यांची शांतता. लेखकाने दर पाच सेकंदांना मोजलं असतं तर सगळं पातळ झालं असतं. घड्याळ दाखवा, मग ते विसरायला लावा, मग पुन्हा दाखवा, तेव्हा वाचकाच्या कल्पनेपेक्षा थोडं कमी उरलेलं असू द्या.

आमच्याकडे वाऱ्याचा वेग हे घड्याळ. त्याला सरळ चढू देऊ नका. एकदा खाली येऊ द्या, रेवतीला खुर्चीत टेकू द्या. मग वाढवा.

पायरी ५ : हाणामारी

नवीन लेखक हाणामारीला भितात, किंवा तिच्यातच रमतात. माझा सल्ला छोटा आहे. आधी जागेचा नकाशा काढा: दार कुठे, जिना कुठे, कुठून कुठे जायला किती पावलं. तो नकाशा लढाईच्या आधीच, कुणीतरी साधं काम करत असताना, वाचकाला फिरवून दाखवा.

मग प्रत्येक हालचालीची किंमत ठरवा. बबनकाका डिशच्या जिन्यावर चढून सुटतात खरे, पण माणूस वर असताना डिश फिरवता येत नाही. म्हणजे त्यांनी जीव वाचवला आणि रेवतीची चार मिनिटं अडकवली. मारामारीने मुख्य नियमाला असं ओढलं पाहिजे. नाहीतर ती गोष्टीतून काढून टाकली तरी फरक पडत नाही, आणि फरक पडत नसेल तर खरंच काढा.

जुन्नर तालुका म्हटलं की बिबट्या आठवणारच. मलाही आठवला. दोन खर्ड्यांत तो कळसाला उसातून झेप घेऊन खलनायकावर पडत होता, आणि दोन्ही वेळा गोष्ट तिथे मेली, कारण त्याचा डिशशी, वाऱ्याशी, मंगळाशी काही संबंध नव्हता. तिसऱ्या खर्ड्यात बिबट्या दिसतच नाही. फक्त सुरुवातीला कळतं की रात्री उसात कुणी पाऊल टाकत नाही. त्यामुळे पाठलाग रस्त्यावरच राहतो. लपायला दोन्ही बाजूंना हजारो जागा, आणि एकीतही जायची कुणाची छाती नाही. न दिसलेला बिबट्या असा जास्त कामाला आला.

पायरी ६ : पेच माणसाचा करा

यंत्राचा नियम शेवटी एका माणसाच्या गळ्यात पडायला हवा, आणि त्याच्यापुढे दोन्ही वाटा महागाच्या हव्यात. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याच्या समोर यंत्रणा सांगत होती, अमेरिकेने क्षेपणास्त्रं सोडली आहेत, एकूण पाच. हल्ला करायचा तर कुणी पाचच सोडेल का, असा विचार करून त्याने वर कळवलं की इशारा खोटा आहे. तो खोटाच होता, ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. पण ठरवताना त्याच्याकडे खात्री नव्हती. यंत्र एक सांगतंय आणि मन दुसरं, अशा खुर्चीत पात्राला बसवा. तिथे त्याचा स्वभाव उघडा पडतो.

रेवतीचा पेच: संदेशाचा शेवटचा भाग यायला सहा मिनिटं आहेत. वारा हद्दीवर पोचलाय. काका वर अडकलेत. डिश सरळ करायची तर आधी त्यांना उतरवायला हवं, आणि खाली माणसं उभी आहेत.

नात्याचा ताण बोलीत ठेवा, भाषणात नको. रेवती वयाने लहान असूनही बबनकाका तिला "मॅडम" म्हणतात, "तुम्ही" म्हणतात. गोष्टभर. त्या रात्री वॉकीटॉकीवर ते म्हणतात, "पोरी, माझ्याकडं बघू नको. तू ऐकत राहा." तीनशे ओळींच्या जिव्हाळ्यापेक्षा ती एक 'पोरी' भारी. अर्थात, आधी ती एकदाही आलेली नसेल तरच. तुमच्या हस्तलिखितात असा संबोधनाचा बदल एकदाच वापरा आणि तो कुठे वापरणार हे लिहायला बसण्याआधी ठरवा.

कळसाला नियमाची किंमत वसूल करा. सगळे वाचले, संदेश मिळाला, डिशही शाबूत, असं झालं तर आधीची सगळी भीती खोटी ठरते आणि वाचकाला फसल्यासारखं वाटतं. आमच्या गोष्टीत डिश मोडते. पंचेचाळीस मीटरची जाळी वाकते त्याचा आवाज मी बरेच दिवस शोधत होतो. शेवटी लिहिलं, 'ओला पत्रा कुणी हाताने पिळावा तसा.'

पायरी ७ : वाचून दाखवा

खर्डा झाला की दोन दिवस बंद ठेवा. मग एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. विज्ञानातलं कळणारा नको. आई, शेजारी, घरी आलेला भाचा, कुणीही चालेल. कशी वाटली हे विचारू नका, भिडेखातर सगळे छान म्हणतात. वाचताना त्यांच्याकडे बघा. जिथे ते पाणी प्यायला वाकले तिथे समासात खूण करा. जिथे त्यांनी "म्हणजे?" विचारलं तिथे नियम नीट पोचलेला नाही, तो मागच्या शांत प्रसंगात जाऊन दुरुस्त करा, तिथल्या तिथे स्पष्टीकरण चिकटवू नका.

आणि मधेच थांबा. रेवती दाराची कडी लावते तिथे पान बंद करा, उठा, स्वयंपाकघरात जा. पाठोपाठ "मग? काका कुठायत?" असा आवाज आला तर पुढचं तसंच ठेवा. नाही आला, तर पहिल्या प्रसंगापासून मोबाइलच्या नियमाचा माग काढत पुन्हा बसा.